एका डोळ्याचा कॅमेरा

होळी झाली की आमच्या जळगावच्या गच्च्या भरायला लागतात. खाटा वर चढतात, त्यांवर जुनी धोतरं आणि विरलेल्या सुती साड्या ओल्या करून ताणल्या जातात, आणि उजाडायच्या सुमाराला खाली चुलीवर घाटा शिजून तयार असतो. घाटा म्हणजे बिबड्यांचं, आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचं, शिजवलेलं पीठ. ज्वारी, तीळ, लसूण, मिरची. हाताला पाणी लावून तो गरम असतानाच कापडावर थापायचा. ज्यांच्या घरी त्या दिवशी बिबड्या नाहीत, त्यांनाही वाटीत घाटा घालून, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल सोडून द्यायचा, अशी गल्लीची रीत. मी त्या वासात वाढले आणि त्याच वासावर धंदा उभा केला. एका खाटेवर सुरुवात केली होती. आज शेजारच्या गच्च्या भाड्यानं घेते, हाताखाली बायका आहेत, आणि सावद्याचा दुकानदारही माल माझाच मागतो. कुणी हात धरून शिकवलं नाही. उलट पाय धरून ओढणारे पुष्कळ भेटले. त्यांचा समाचार मी वेळोवेळी घेतला आहे.

यंदाही खाटा वर चढल्या आहेत. पण मला त्या पांढऱ्या कापडांची भीती वाटते. सकाळी गच्चीवर पाय ठेवला की मी आधी डावा डोळा तळव्यानं झाकते आणि नुसत्या उजव्यानं समोर बघते. पांढरं कापड, पांढरट आभाळ, पांढरट बिबड्या. पांढऱ्यावर धुकं पसरलं तर ते कळायचं कसं? काल जेवढं दिसत होतं तेवढंच आज दिसतंय का, हे मला सांगता येत नाही. मालाचा दाणा दातांखाली धरून मी ज्वारीचं वय सांगते, आणि स्वतःच्या डोळ्याचं काही सांगू शकत नाही.

हे सुरू झालं गेल्या वाळवणात, आणि सुरू झालं एका कॅमेऱ्यामुळे.

माझी मुलगी हर्षदा कॉलेजला आहे. आपला माल फोटो टाकून बाहेरगावी विकायचा, हे तिचं डोकं. आधी मोबाईलवर फोटो काढले. पण मोबाईल स्वतःच शहाणपणा करतो. बिबडी होती त्याहून पिवळी दाखवली, आणि नाशिकच्या एका बाईनं माल परत पाठवला. 'फोटोत हळद दिसते, खाताना लागत नाही,' म्हणाली. मी तिला फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण चूक मोबाईलची होती हे मलाही पटलं. मग चांगला कॅमेरा घ्यायचा ठरला.

हर्षदाला हवा होता चपटा, खिशात मावणारा. साबणाच्या वडीएवढा. बटण दाबलं की कासवाच्या मानेसारखी नळी पुढे येते, बंद केला की परत आत जाते. तिच्या मैत्रिणींमध्ये त्या जुन्या चपट्या कॅमेऱ्यांचं पुन्हा वेड आलं आहे. मला मात्र दुकानदारानं मांडलेला दुसरा बरा वाटला. मिररलेस म्हणतात तो, त्यातला सगळ्यांत साधा. हातात घेतला तर वजन होतं, पकडायला उंचवटा होता, पुढची काच काढून दुसरी लावता येत होती. मी आधी वजन बघते. हलक्या वस्तूत कुणीतरी काहीतरी काढून घेतलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

"शेठ, ही डबी जुनी, वापरलेली. आणि भाव नव्याच्या जवळपास?"

"अक्का, मागणी आहे. पोरी वेड्या झाल्यात त्यासाठी."

"पोरी वेड्या झाल्या म्हणून आयांनी पण व्हायचं?"

"मम्मी, हळू बोल ना," हर्षदा म्हणाली.

"हळू बोलून भाव कमी होत असता तर मी मुकीच झाले असते."

दुकानदार हसला. जळगावच्या बाजारात माझ्याशी हसून बोलणारा दुकानदार बहुतेक नवीन असतो. त्यानं दोन्ही कॅमेरे उघडले आणि आम्ही आणलेल्या बिबडीचे फोटो काढून दाखवले. चपट्यानं सगळंच लख्ख दाखवलं. बिबडी, तिच्यामागचं टेबल, त्यामागचा दुकानाचा बोर्ड, सगळं सारखंच. पण फ्लॅश पडला की बिबडी मेल्यासारखी पांढरी. मिररलेसनं मात्र बिबडीवरचा तीळ न् तीळ उठून दाखवला, कडेला पडलेली बोटाची खूणसुद्धा. फक्त मागचं सगळं विरघळून गेलं.

"मागचं धूसर का?" मी विचारलं. "गिऱ्हाईकाला वाटेल आम्ही काही लपवतोय."

"मम्मी, त्या धूसर होण्याचेच तर पैसे आहेत."

"धूसर दिसायला पैसे?"

तेव्हा मी हे चेष्टेनं म्हटलं होतं.

चपट्याला बघायला फक्त मागचा पडदा. हात लांब करायचा आणि दोन्ही डोळ्यांनी बघायचं, आरसा धरावा तसं. मिररलेसला पडदा होताच, पण वरच्या बाजूला एक छोटी खिडकीही होती. "उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, अक्का. गच्चीवर काम आहे ना तुमचं? मग इथून बघायचं. डोळा लावा." मी डोळा जवळ नेला तसा मागचा पडदा आपोआप काळा झाला आणि खिडकीच्या आत उजेड पडला. मी डावा डोळा मिटला. आत दुकान दिसत होतं. काउंटर, पंखा, काचेचं दार.

"हर्षू, कुठे गेलीस?"

"इथंच तर आहे. दाराशेजारी."

दार दिसत होतं. शेजारी मुलगी नव्हती. तिथे काळं काही नव्हतं, भोक नव्हतं. धुळीच्या दिवसांत शिवाराची लांबची कड जशी नुसतीच संपते, तशी खिडकीची डावी, वरची बाजू संपली होती.

मी कॅमेरा काउंटरवर ठेवला. "शेठ, हा परत आलेला नग आहे. याचा आतून कोपरा गेलाय."

त्यानं डोळा लावला. "स्वच्छ आहे हो."

हर्षदानं लावला. "मम्मी, मस्त दिसतंय."

मला वाटलं दोघं मिळालेत. दुकानदारानं पोरीला आपल्या बाजूला ओढायचं, ही जुनी चाल. मी आवाज चढवला. बंद खोक्यातला नवा नग माझ्यासमोर फोडायला लावला. त्याच्यातही तोच कोपरा गेलेला. मग मी कंपनीला शिव्या दिल्या. दुकानातली बाकीची माणसं बघायला लागली. दुकानदार कंटाळून म्हणाला, "अक्का, एकदा दुसऱ्या डोळ्यानं बघा बरं."

डाव्या डोळ्यानं बघितलं. काउंटर, पंखा, दार, आणि दाराशेजारी, ओशाळलेली, हर्षदा.

पुन्हा उजवा लावला. मुलगी गेली. डावा लावला. मुलगी आली. वावटळ लांबून दिसावी आणि गच्चीवर माल उघडा असावा, तसं झालं.

मग मी भाव करायला सुरुवात केली. इतका चिवट भाव मी कधी केला नसेल. पिशवी फुकट, कार्ड फुकट, तिपाई फुकट. जीभ तिचं तिचं काम करत होती. दुकानदारानं सुटकेसाठी सगळं दिलं. हर्षदा रिक्षात म्हणाली, "आज तू त्याला रडवलंस." मी म्हटलं, "हं."

आता दोन कॅमेऱ्यांचा विचार मनात येतो तेव्हा मला तीळ आठवत नाहीत, धूसर झालेली मागची बाजू आठवत नाही. चपटा कॅमेरा मायाळू होता. तो दोन्ही डोळ्यांना एकत्र बघू देत होता, आणि एका डोळ्याची चोरी दुसरा डोळा झाकत होता. तो घेतला असता तर मी आणखी काही हंगाम सुखात काढले असते. आयुष्यात मी एक डोळा मिटून कधी काय पाहिलं होतं? पापड उन्हात धरून त्याचा पातळपणा बघितला, तो दोन्ही डोळ्यांनी. गिऱ्हाईक खरं बोलतंय की नाही ते बघितलं, तेही दोन्हींनी. त्या महागड्या खिडकीनंच पहिल्यांदा मला माझ्या उजव्या डोळ्यासोबत एकटं गाठलं. मी त्या यंत्राचा राग राग करते आणि रोज त्यालाच हात लावते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बुबुळावर थेंब टाकले, दाब मोजला, आत उजेड मारून बराच वेळ बघितलं. काचबिंदू, म्हणाल्या.

"मोतीबिंदू ना? काढून टाका मग."

"मोतीबिंदू नाही, काचबिंदू. हा काढता येत नाही. गेलं ते परत येत नाही. आहे ते थेंबांनी सांभाळायचं."

"थोडं तरी परत?"

"नाही."

"थेंब दुप्पट टाकले तर?"

त्यांनी चिठ्ठीवर रोजचा एकच थेंब लिहिला. माझ्या उभ्या आयुष्यात समोरच्या माणसानं पहिलाच भाव शेवटचा सांगितला, असं फारसं झालं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता का?"

मला आबा दिसले. माझे वडील, पारोळ्याजवळच्या आमच्या गावात, ओट्यावर बसलेले. म्हातारपणी ते कोंबडीसारखी मान वळवून वळवून बघायचे. आम्ही हसायचो. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा, तांब्या लवंडायचा. वय झालं, असं सगळे म्हणायचे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते, आणि भाऊ स्वतः बहिणीला न्यायला जातो. माझा मोठा भाऊ दर वर्षी यायचा. अशाच एका आखाजीला आबा जेवायला बसले होते. ताटाच्या कडेची सांजोरी भावाच्या नातवानं उचलून नेली आणि आबा रिकाम्या जागी बोटं फिरवत राहिले. मी भर पंगतीत भावावर ओरडले. म्हातारा आंधळा होतोय आणि तुम्ही त्याला उपाशी मारताय, असं म्हणाले. आणखीही बोलले. तशीच पिशवी उचलून एसटीनं जळगावला आले. पुढच्या आखाजीला भाऊ आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही. आबांच्या दहाव्याला आम्ही एकाच मांडवात बसलो, पण एकमेकांकडे न बघता.

डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर मी त्याला फोन लावला.

"कोन?"

"मी."

"मी कोन?"

"तुले कितल्या बहिणी शेत?"

तिकडून बैलाच्या घुंगरांचा आवाज आला. चिडले की माझ्या तोंडात माहेरची बोलीच येते. मी विचारलं, आबांना काय झालं होतं? तो म्हणाला, काचबिंदू. त्या आखाजीच्या भांडणानंतर तोच आबांना धुळ्याला घेऊन गेला होता.

"डागतरनी सांगेल व्हतं," तो म्हणाला, "बठ्ठा पोरेसना डोया तपासी ल्या. मना भी निघना. मी रोज दवाई टाकस."

"मंग माले काबर नही सांगं?"

"तू ते बोलीच नही ऱ्हायनी व्हती. मंग मी कसा सांगू?"

मी फोन ठेवला. आबांच्या सगळ्या मुलांचे डोळे तपासा, असं डॉक्टरनं सांगितलं होतं; याच्याही डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि हा रोज औषध टाकत होता. यावर मी अजून जळते आहे, आणि कुणी माझी समजूत घालायला येऊ नये. भांडण माझं आणि त्याचं होतं. माझ्या डोळ्यांनी त्याचं काय केलं होतं? बाजारात दोन व्यापाऱ्यांचं उभं वैर असलं तरी एकाच्या तुरीत भुंगा दिसला तर दुसरा ओरडून सांगतो. प्रेमानं नव्हे. शेजारच्या पोत्यात आपला माल असतो म्हणून. आम्ही तर एकाच पोत्यातले. त्यानं स्वतःचे डोळे तपासले, स्वतःच्या मुलांचे तपासले, आणि माझ्या वाट्याला चूप बसला. त्या वर्षांत माझ्या डोळ्याची कड आतल्या आत झिजत होती, आणि पारोळ्याला एका माणसाला ते ठाऊक होतं.

थेंब सुरू झाले. हर्षदानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, पिठाच्या धुळीनं डोळे कोरडे पडलेत. तिला घेऊन या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली तेव्हा उडदाच्या पापडांची गर्दी होती. मग पाऊस. मग दिवाळी. माझं थांबणं आणि भावाचं लपवणं सारखं नाही. मी आई आहे. पोरीच्या चालण्याबोलण्यात सगळं नीट दिसत असताना तिच्या कपाळी हे नाव लिहायला माझा हात धजत नव्हता, एवढंच.

पण नीट दिसत होतं का? भीती एकदा घरात शिरली की ती हिशेब मागायला लागते. हर्षदाचा पाय उंबऱ्याला लागला, का लागला? तिनं वाटी टेबलाच्या अगदी कडेला ठेवली, का ठेवली? ती फोनवर बोलताना मान तिरकी करते, हे नवं की जुनं? तिच्या पाठीमागून मी आवाज न करता कडेनं जाऊन बघायची, तिला मी कधी दिसते ते. एकदा ती दचकली आणि म्हणाली, "मम्मी, तू चोरासारखी काय फिरतेस?"

आणि स्वतःची परीक्षा मी त्या खिडकीतून घेत होते. सकाळी तिपाईवर कॅमेरा लावायचा, उजवा डोळा टेकवायचा आणि गच्चीच्या टोकाचा दोरीचा खांब दिसतो का बघायचं. दिसला नाही की कॅमेरा थोडासा वळवायचा. मग खांब दिसायचा. मग मी जिना उतरून बायकांवर ओरडायला मोकळी.

काल बिबड्या घातल्या होत्या. पहिली वाळत आली होती. कापड उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडलं की बिबडी सुटते, त्याचा फोटो हर्षदाला हवा होता. ती वाकून खिडकीला डोळा लावून बसली होती. तेवढ्यात डावीकडच्या खाटेवर कावळा उतरला. अगदी हाताच्या अंतरावर. त्यानं एक बिबडी उचलली, चोचीत नीट धरली आणि उडाला. हर्षदा हलली नाही.

"दिसला नाही तुला?"

"काय?"

"कावळा! एवढा मोठा कावळा, शेजारी!"

"मम्मी, मी इकडे बघतेय. मला कसा दिसेल?"

"दिसायला पाहिजे होता."

माझा आवाज इतका चढला की बायकांचे हात थांबले. त्यांतली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "अक्का, एक बिबडी गेली. त्याचंही पोट शे." मी तिच्याकडे बघितलंही नाही. हर्षदा उठली आणि मला जिन्याच्या सावलीत घेऊन गेली.

"तू डोळ्यात काय टाकतेस? खरं सांग."

सांगितलं. आबांचं सांगितलं, मामाचं सांगितलं, दुकानातल्या खिडकीचं सांगितलं. ती ऐकत होती. तिच्या कपाळावर पिठाचा पांढरा फराटा होता.

"कधी कळलं तुला?"

"गेल्या वाळवणात."

"आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या, मला आण?"

मी मान हलवली.

"मामा तरी तुझ्याशी बोलत नव्हता," ती म्हणाली. "आपण तर रोज बोलतो."

मी पदरानं तिच्या कपाळावरचं पीठ पुसायला गेले. तिनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, "उद्या जाऊ. माल बायका बघतील."

आज सकाळी आम्ही गेलो. रस्त्यात केळीचे ट्रक होते, ऊन आत्ताच कडक झालं होतं, आणि हर्षदा माझ्या डाव्या हाताला चालत होती. मी मुद्दाम तिच्या डावीकडे गेले, मग परत उजवीकडे. ती म्हणाली, "स्थिर राहा गं." हर्षदाच्या डोळ्यांचा दाब मोजून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाब थोडा वरच्या अंगाला आहे, नजरेची कड तपासून घेऊ. काय वाटतं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, तपासल्याशिवाय सांगत नाही.

ती तपासणी मला माहीत आहे. अंधाऱ्या खोलीत एका वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं. एक डोळा झाकायचा. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठे उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. काही कण मुद्दाम इतके मंद असतात की चांगल्या डोळ्यालाही दिसत नाहीत, हेही मला सांगितलं होतं. त्यामुळे न दाबणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही.

"तू बाहेरच बस," हर्षदा दारातून म्हणाली. "आत येऊन त्यांच्याशी घासाघीस करशील."

दार लागलं. पातळ दार होतं. बटणाचा बारीक आवाज बाहेर येत होता. टक. टक. मग थोडा वेळ काही नाही. टक.

मी बाकावर बसले आणि मनातल्या मनात बोलायला लागले. कुणाशी ते ठाऊक नाही. देवाकडे मी सहसा मागणं करत नाही, त्याचा भाव कधी कळत नाही. पण म्हटलं, तिचे सोड, माझा उजवा राहिलाय तेवढा घे. टक. तेवढ्यात जमत नसेल तर डाव्यातलाही थोडा घे, पापड मी हातानं ओळखते. टक, टक. समोरून हो नाही, नाही नाही. बाजारात समोरचा गप्प राहिला की मी उठून चालू पडते. दहा पावलांत तो हाक मारतो. इथून उठून जायला जागाच नव्हती.

आत बटण वाजलं. मग बराच वेळ वाजलं नाही. मी भाव आणखी वाढवला.